शंभरातून सात वजा : पार्किन्सन्सच्या माणसाची बुद्धी-तपासणी, आमचा अनुभव

ह्यांना पार्किन्सन्स आहे हे २०१६ साली कळलं. उजव्या हाताला कंप आणि सहीचं अक्षर मुंगीएवढं, इथून सुरुवात झाली. हाताकडे, चालण्याकडे आम्ही दोघं नीट लक्ष देत होतो. डोक्याकडे लक्ष द्यायचं असतं हे कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून गेल्या वर्षी नोव्हेंबरात पुण्यात करून घेतलेल्या न्यूरोसायकॉलॉजीच्या तपासणीबद्दल सविस्तर लिहिते आहे. रुग्णालयाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण ही तपासणी मोठ्या शहरांत बऱ्याच ठिकाणी होते आणि मला सांगायचं आहे ते तपासणीबद्दल.

आम्ही कराडचे. हे एसटीत होते. १९७८ साली वाहक म्हणून लागले आणि वाहतूक नियंत्रक म्हणून २०१३ साली निवृत्त झाले. आगारातल्या मुक्कामी गाड्या, कोणती कुठे थांबते, पहाटे किती वाजता सुटते, सगळं तोंडपाठ. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलं, त्यामुळे परीक्षा कशी घ्यावी आणि कशी घेऊ नये याबद्दल माझी मतं पक्की आहेत.

तीन वर्षांपूर्वी बारीकसारीक गोष्टी खटकायला लागल्या. चहाचं आधण ठेवून हे ओट्यापाशी नुसते उभे राहायचे. पुढे काय करायचं ते विसरले असं नव्हतं, कारण मी 'साखर' म्हटलं की पुढचं सगळं हातासरशी व्हायचं. लाइट बिल भरायला निघायचे, चष्मा शोधता शोधता बिल राहून जायचं. बोळात अंधार पडला की म्हणायचे, "कोण गेलं गं आत्ता?" एका डॉक्टरांना मी हे सांगितलं. त्यांनी तारीख विचारली, वार विचारला, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. तीसपैकी अठ्ठावीस गुण. "डोकं एकदम शाबूत आहे, वयाचा परिणाम आहे," म्हणाले. मलाही बरं वाटलं. बरं वाटावं अशीच माझी इच्छा होती.

ती छोटी चाचणी १९७५ सालची आहे, जगभर वापरतात. पण तिचा भर तारीख-वार, भाषा आणि शब्द लक्षात ठेवणं यांवर जास्त आहे. पार्किन्सन्समध्ये आधी ढासळतं ते बहुतेक वेळा दुसरंच : कामाची आखणी, एका गोष्टीवरून दुसरीवर वळणं, विचाराचा वेग, जागेचा अंदाज. त्या चाचणीत याला फारसे गुणच नाहीत. म्हणजे गणिताच्या वर्गातल्या मुलाला फक्त पाढे विचारायचे आणि शाब्दिक उदाहरण द्यायचंच नाही, तशातली गत. वजाबाकी तर ह्यांना कधीच अडणार नव्हती. चालत्या गाडीत उभ्याने तिकिटांचे पैसे मोजण्यात ज्याची उमेदीची वर्षं गेली त्याला शंभरातून सात काय अवघड?

पुण्याला गेलो ते मुलीने आग्रह धरला म्हणून. न्यूरॉलॉजिस्टनी चिठ्ठी दिली आणि तपासणीच्या विभागातून फोन आला, दुपारी साडेबाराची वेळ. मी नको म्हटलं. सकाळच्या सिंडोपाचा (ही ह्यांची पार्किन्सन्सची मुख्य गोळी) जोर साडेअकराला ओसरतो, मग हे लाकडासारखे होतात आणि बोलणंही अडखळतं. अशा वेळी घेतलेली परीक्षा कुणाची, माणसाची की संपलेल्या गोळीची? पलीकडची मुलगी थांबली, आत विचारून आली आणि सकाळी दहाची वेळ दिली. ज्या ताईंनी पुढे तपासणी घेतली त्या म्हणाल्या, "काकू, हे तुम्ही स्वतः सांगितलंत ते फार चांगलं केलंत." पण हे रुग्णालयाने आपण होऊन विचारायला हवं. प्रत्येक घरातल्या माणसाला ते सुचेलच असं नाही. तुम्ही जाणार असाल तर गोळी लागू पडते ती वेळ मागून घ्या.

तपासणी एकूण तीन तासांची, मध्ये दोन विश्रांत्या. सुरुवातीला पाऊण तास नुसती माहिती. झोपेत ओरडतात का, हातपाय झाडतात का? (झाडायचे. कंप सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून. दोनदा पलंगावरून पडले होते. त्याचा पार्किन्सन्सशी संबंध असतो आणि अशा रुग्णांमध्ये बुद्धीवर परिणाम होण्याचा धोकाही जास्त असतो, हे मला तिथे कळलं.) मन उदास असतं का, याची वेगळी प्रश्नावली होती. बी-१२ आणि थायरॉईडचे रिपोर्ट मागितले, कारण त्यांच्या कमतरतेनेही विसराळूपणा येतो. रक्तदाब आडवं झोपवून घेतला, मग उभं करून तीन मिनिटांनी पुन्हा. झोपून १३८, उभं राहून १०८. उभं राहिलं की डोक्याकडे रक्त कमी जातं, मग माणूस भोवंडल्यासारखा होतो, मंदावतो. इतक्या वर्षांत ह्यांचा रक्तदाब असा दोनदा कुणी घेतला नव्हता.

आणि सगळ्या औषधांच्या चिठ्ठ्या. मी प्लास्टिकच्या फाइलमधून २०१६ पासूनच्या नेल्या होत्या. ताईंचं बोट एका नावावर थांबलं : ट्रायहेक्सिफेनिडिल. कंपासाठी २०१८ मध्ये एका डॉक्टरांनी सुरू केलेली गोळी. ह्यांचं तोंड सतत कोरडं पडायचं, बद्धकोष्ठ असायचं, ते आम्ही आजाराच्याच खात्यावर मांडत होतो. ही गोळी मेंदूतल्या अॅसिटिलकोलीन नावाच्या द्रव्याला अडवते. कंप कमी होतो, पण स्मरण आणि लक्ष यांनाही तेच द्रव्य लागतं, आणि पार्किन्सन्समध्ये ते आधीच कमी पडत असतं. वयस्कर रुग्णाला, त्यातही विसरायला लागलेल्याला, ही गोळी शक्यतो देत नाहीत. सहा वर्षं रोज दोन वेळा मी स्वतःच्या हाताने दिली. ताईंनी मला दोष दिला नाही. गोळी एकदम बंद करायची नाही, हे मात्र दोनदा बजावलं आणि न्यूरॉलॉजिस्टना तिथूनच फोन केला. पुढे दोन महिन्यांत त्यांनी ती पायरीपायरीने बंद केली. तपासणीची फी साडेचार हजार होती. या एका गोष्टीत ती वसूल झाली असं मी मानते.

मग प्रत्यक्ष परीक्षा. यातले नेमके शब्द आणि चित्रं मी लिहिणार नाही. कुणी वाचून पाठ करून गेलं तर सगळंच वाया जाईल. पण रीत सांगते.

आधी मोका नावाची चाचणी झाली, तीस गुणांची. कॅनडातल्या माँट्रिअलमध्ये तयार झालेली आणि २००५ साली प्रसिद्ध झालेली. तिची मराठी प्रत आहे, हे पाहून मला फार समाधान वाटलं. २६ च्या खाली गुण आले तर सविस्तर तपासावं असं धरतात, आणि शिक्षण बारा वर्षं किंवा कमी असेल तर एक गुण वाढवून देतात. ह्यांची जुनी अकरावी, तेव्हा तो एक धरून २२ आले. वजाबाकीत पूर्ण गुण. ताई थांबा म्हणाल्या तरी हे थांबेनात, ९३, ८६, ७९ करत थेट २ पर्यंत उतरले. आणि त्याच माणसाला घड्याळ काढता आलं नाही. गोल काढला, आकडे टाकले, पण दहा मिनिटं दाखवायची तर काटा २ वर हवा, तो ह्यांनी १० वर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसले. पस्तीस वर्षं घड्याळावर गाड्या सोडणारा माणूस. मी मागे खुर्चीत बसले होते. काही बोलायचं नाही अशी सूचना होती, म्हणून पदर तोंडाशी धरून बसले.

पुढे गुलाबी आणि पिवळ्या वर्तुळांतले आकडे, रंग आलटून पालटून जोडायचे. आकडे ओळीने जोडणं ह्यांना जमलं, रंग बदलत जाणं जमेना. एका मिनिटात प्राण्यांची नावं, नऊ आली. पंधरा शब्दांची यादी पाच वेळा ऐकवून अर्ध्या तासाने विचारली, चार सांगता आले. माझ्या पोटात खड्डा पडला. पण मग ताईंनी तेच शब्द दुसऱ्या शब्दांत मिसळून वाचले आणि 'हा होता का' विचारलं. पंधरापैकी तेरा बरोबर ओळखले!

हीच या तपासणीतली सगळ्यात मोलाची गोष्ट. ताईंनी समजावलं, "काका, सामान गोदामात आहे. ते बाहेर काढायला वेळ लागतोय." अल्झायमरमध्ये बहुधा शब्द आत साठतच नाहीत, त्यामुळे खूण सांगूनही आठवत नाहीत. पार्किन्सन्समध्ये, निदान सुरुवातीला, साठवण बऱ्यापैकी शाबूत असते, शोधून काढणं अडतं. म्हणून खूण दिली की आठवतं. 'साखर' म्हटलं की चहा व्हायचा, त्याचं कारण मला दीड वर्षाने कळलं.

मग त्यांनी कागद बाजूला ठेवून, परीक्षेबाहेरचं म्हणून विचारलं, "काका, कराड ते पाटण गाडी कुठे कुठे थांबते?" हे ताठ बसले. विजयनगर, सुपने, मल्हारपेठ, नवारस्ता, मधली छोटी गावं सोडत नव्हते, अडखळतही नव्हते. रस्त्याला स्वतःचा क्रम असतो, एक गाव पुढच्या गावाची खूण देतं. प्राण्यांची नावं शोधताना तसं बोट धरायला कुणी नसतं. परीक्षा घेणारीने मुलाला जे येतं तेही एकदा विचारावं, असं मी नव्या शिक्षिकांना नेहमी सांगायचे. या बाईंनी ते न सांगता केलं.

लक्ष, नियोजन, भाषा, स्मृती आणि जागेचं-आकाराचं भान अशी पाच दालनं, आणि प्रत्येकात निदान दोन चाचण्या. पार्किन्सन्समधला सौम्य बौद्धिक दोष ठरवण्यासाठी २०१२ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जे निकष आखले त्यांत सविस्तर तपासणी अशीच सांगितली आहे. ह्यांचं नियोजन आणि लक्ष कमी, जागेचं भान किंचित कमी, भाषा उत्तम. रोजचे व्यवहार बहुतेक स्वतः करतात, म्हणून डिमेन्शिया (रोजचे व्यवहार अडतील इतका बुद्धीचा ऱ्हास) नाही, सौम्य दोष. या दोन शब्दांमधलं अंतर फार मोठं आहे, आणि ते ठरतं ते घरातल्या माणसाच्या सांगण्यावर.

आणि इथेच माझी मोठी तक्रार आहे. 'रोजचे व्यवहार कसे चालतात' हे मला ह्यांच्यासमोर विचारलं. शेजारी नवरा बसलेला असताना 'ह्यांना आता पैसे मोजून देता येतात पण कुणाला किती द्यायचे ते ठरवता येत नाही' असं मी कसं म्हणणार? मी अर्धं खरं, अर्धं सांभाळून सांगितलं. नंतर वेगळा वेळ मागितला, तर पॅसेजमध्ये उभ्याने दहा मिनिटं मिळाली, स्ट्रेचर ये-जा करत असताना. तीन तासांच्या तपासणीत घरच्या माणसाला अर्धा तास आणि एक बंद दार मिळालंच पाहिजे. जाणाऱ्यांनी घरूनच सगळं कागदावर लिहून न्यावं आणि हातात द्यावं. मी दुसऱ्या खेपेला तेच केलं.

बाकी त्रुटी पटकन सांगते. स्वच्छतागृह जिन्याच्या पलीकडे, पाय अडकणाऱ्या माणसाला ते किती लांब असतं ते तिथल्या कुणी चालून पाहावं. रिपोर्ट अठरा दिवसांनी आला, सात पानं, सगळी इंग्रजीत. चाचणी मराठीत घेता येते तर निष्कर्षाचं एक पान मराठीत का नाही? मेडिक्लेममध्ये आमचे पैसे मिळाले नाहीत.

बाहेरच्या बाकावरच्या गप्पांमध्येही बरंच शिकले. सांगलीकडच्या एक वहिनी होत्या. त्यांच्या यजमानांना आधी भास आणि घोटाळे सुरू झाले, कंप आणि ताठरपणा नंतर आला. त्यांना लुई बॉडी डिमेन्शिया सांगितला होता. मेंदूतल्या पेशींत साचणाऱ्या गाठी दोन्ही आजारांत त्याच (लुई नावाच्या डॉक्टरांनी त्या १९१२ मध्ये प्रथम वर्णन केल्या, त्यांत अल्फा-सिन्यूक्लिन नावाचं प्रथिन असतं हे १९९७ मध्ये समजलं). फरक क्रमाचा : हालचालींचा त्रास सुरू होऊन एक वर्ष झाल्यावर बुद्धी ढासळली तर पार्किन्सन्सचा डिमेन्शिया, बुद्धी आधी किंवा त्या वर्षाच्या आतच ढासळली तर लुई बॉडीचा. त्या वहिनींनी मला एक गोष्ट कळकळीने सांगितली. गावाकडे भास होतात म्हणून हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन दिलं आणि माणूस चार दिवस हललाच नाही. पार्किन्सन्स किंवा लुई बॉडी असेल तर हे औषध टाळतात, हे फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. मी लाल पेनाने लिहिलं आहे.

दुसऱ्या एका मुलीचे वडील पहिल्याच वर्षात मागच्या मागे पडायला लागले होते. ताटातली भाकरी त्यांना दिसायची नाही, कारण नजर खाली वळत नव्हती. त्यांचा आजार पीएसपी (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी), पार्किन्सन्ससारखा दिसणारा पण १९६४ मध्ये वेगळा ओळखला गेलेला. आत त्यांना तीन टाळ्या वाजवा म्हटलं तर ते वाजवतच राहिले. थांबवणं हेही मेंदूचं काम असतं. ती मुलगी हे सांगताना रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

आता त्या आकड्यांबद्दल, कारण माझी झोप त्यांनी उडवली होती. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचं वर्णन केलं तेव्हा बुद्धीला धक्का लागत नाही असं लिहिलं होतं, आणि ते फार काळ खरं मानलं गेलं. नंतर काटा पार दुसरीकडे गेला. सिडनीच्या अभ्यासात वीस वर्षांनी हयात असलेल्यांपैकी ८३ टक्के लोकांना डिमेन्शिया होता. मुलीच्या मोबाइलवर मी हे वाचलं आणि दोन दिवस जेवण गेलं नाही. ताईंनी ते उलगडून सांगितलं : सुरुवातीच्या १३६ जणांपैकी १०० जण वीस वर्षांत वारले होते, आणि तो टक्का फक्त मागे राहिलेल्यांतला आहे. २०२४ मध्ये रुग्णांच्या दोन गटांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निदानानंतर दहा वर्षांनी डिमेन्शियाची शक्यता एका गटात साधारण ९ टक्के, दुसऱ्यात २७ टक्के. दुसऱ्या गटात पंधरा वर्षांनी ५० टक्के. हे आकडे लहान नाहीत. पण 'सगळ्यांनाच होतं' आणि 'दहा वर्षांनी चारातल्या तिघांना झालेलं नसतं' यांत जो फरक आहे, त्यामुळे मला रात्री झोप लागते.

औषधाचं विचारलं. रिव्हास्टिग्मिन आहे, २००४ मध्ये ५४१ रुग्णांवर तपासलेलं, पार्किन्सन्सच्या डिमेन्शियात थोडा फायदा दिसलेलं. मळमळ बऱ्याच जणांना होते, दहातल्या एकाचा कंप वाढतो. सौम्य दोषासाठी त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही, म्हणून न्यूरॉलॉजिस्टनी सुरू केलं नाही. मला हा निर्णय आवडला.

घरी आल्यावर जे बदललं ते त्या सात पानांमुळेच. एका वेळी एकच सूचना. 'काय खाणार?' न विचारता 'पोहे की उपमा?' चालताना गप्पा नाहीत, कारण दोन कामं एकदम केली की पाय अडतात. बोळात दिवा लावला, दारामागच्या खुंटीवरचा लांब कोट काढला, 'कोण गेलं' जवळजवळ थांबलं. उठताना आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसणं. स्कूटर विकली, त्या दिवशी घरात कुणी बोललं नाही. बँकेचं खातं दोघांच्या नावावर केलं. आणि स्वयंपाकघरात काळा फळा लावला, माझ्या शाळेतला जुना. त्यावर हे रोज सकाळी दिवसाचं वेळापत्रक स्वतः लिहितात, आगारात लिहायचे तसं : वेळ, काम, आणि काम झालं की पुढे रेघ. नियोजन आतून होत नाही तर ते बाहेर फळ्यावर मांडायचं, हा ताईंचाच सल्ला. अक्षर बारीक होतं म्हणून मी आडव्या रेषा आखून देते. रेषा असली की अक्षर मोठं येतं.

या जुलैत पुन्हा मोका चाचणी झाली. २४ गुण. तोंड कोरडं पडत नाही. कंप थोडा वाढला आहे, चहाची कपबशी जाऊन मोठा मग आला आहे. घड्याळ याही वेळी चुकलं. पण या वेळी ह्यांना स्वतःला ते कळलं आणि म्हणाले, "हे बरोबर नाही, पण कुठे चुकतंय ते सापडत नाही." ताईंनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं.

ज्यांच्या घरी पार्किन्सन्स आहे त्यांनी ही तपासणी करून घ्यावी, आणि सगळं ठीक वाटत असतानाच एकदा घ्यावी, म्हणजे पुढे तुलना करायला काहीतरी हाताशी राहील. आम्ही उशिरा गेलो. पाचपैकी मी चार देईन. पाचवा त्या बंद दारासाठी राखून ठेवला आहे.

पुढची तारीख मार्चमध्ये आहे. फळ्याच्या कोपऱ्यात ह्यांनी आत्ताच लिहून ठेवली आहे : कराड–स्वारगेट, पहाटे ५.४५, गोळी ९ वाजता, तपासणी १०. खाली माझं नाव लिहून त्यापुढे 'वेगळी भेट, अर्धा तास' असं लिहिलं आहे, आणि ते मी सांगितलेलं नव्हतं.